तीन आरसे आणि अर्धी दाढी

एकोणीसशे शहात्तर. सांगलीच्या कॉलेजात शालूबाईंच्या संशोधनाच्या पदवीचा निकाल लागायचा होता, त्याच दिवशी साडेअकराला वीज गेली.

पुण्याहून तपासायला आलेल्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "सव्वाबाराला माझी गाडी. तुमचे जांभळे जंतू हिरव्या उजेडावर जगतात म्हणता. उजेडात जमलेले दिसले तर सही, नाहीतर तीन वर्षं पाण्यात."

जंतू फलटणकडच्या एका साखर कारखान्यामागच्या डबक्यातले. मायक्रोस्कोपखाली काळा कागद, त्याला हिरव्या काचेची खिडकी. फक्त उजेड नव्हता. खोली उत्तरेची, ऊन फिरकायचं नाही.

"बाई, ऊन आणतो की!" म्हणत प्रयोगशाळेचा शिपाई गुंडा पळाला, तो समोरच्या वजीरच्या सलूनातले तीन आरसे घेऊनच उगवला. मागून वजीर, आणि त्याच्याही मागून एका गालाला फेस लावलेले रिटायर सुभेदार हंबीरराव.

"गुंड्या, आरसा ठेव! अर्धीच झालीया माजी!"

"सुभेदार, देशाचं काम हाय. धरा ह्यो."

अंगणात सुभेदार, पडवीत वजीर, दारात गुंडा. ऊन आरशाआरशानं आत आलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

शालूबाई पुढे झाल्या. "थांबा. त्यांच्या अंगातला तांबडा रंग हिरवा उजेड झेलतो, शेजारच्या रंगाला देतो, तो पुढच्याला. बांधावर घमेली देतात तशी. शेवटी मधल्या चुलीत. एकाचा जरी हात हुकला, तर चूल थंड. मग हे जमणारच नाहीत."

"चार... पंधरा..." साहेब पुटपुटले. आणि अंधार!

ऊन सरकलं होतं. सुभेदार मात्र सावधानमध्ये, खांबागत.

"आवं, आरसा फिरवा की!" गुंडा ओरडला.

"हुकमाबिगर हलत न्हाई आपण!"

"पांगले असणार सगळे," साहेबांनी टोपी उचलली.

"परत दहा मिनिटं लागतील," बाई म्हणाल्या.

गुंडाला साताऱ्याच्या फौजेच्या भरतीत एका इंचानं हाकललेलं. त्यानं छाती फुगवली. "सुभेदार! बाएँ, आधा बोट, घूम!"

आरसा अर्धा बोट फिरला. उजेड आला.

मग दर मिनिटाला "आधा बोट!" बाईंनी पदर मुठीत धरलेला. बारा वाजून सात मिनिटांनी साहेब परत वाकले. उठेचनात.

"दाट," शेवटी म्हणाले. "सगळे खिडकीतच." आणि खिशातून पेन काढलं.

अंगणातून हाळी आली, "पुढचा हुकूम काय?"

गुंडानं वजीरला डोळा मारला. "जैसे थे, सुभेदार!"