बाहेरून कडी असलेला दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. आखातातल्या अजमान शहरापलीकडे, खाडीकाठच्या एका गढीत मी उभा आहे. माझं लाकूड मलबारहून गलबतातून आलं. कारागिरांनी माझ्यावर खजुराची पानं कोरली आणि मला शेखसाहेबांच्या राहत्या महालाला बसवलं. पाहुणे माझ्या नक्षीवरून हात फिरवत. तेव्हा माझी कडी आतून होती. आतल्यांना वाटेल तेव्हा ते मला उघडत.

पुढे शेखांचं कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं आणि महालाचा तुरुंग झाला. लोहाराने माझी कडी उपटून बाहेरच्या अंगाला ठोकली. मित्रांनो, त्या दिवसापासून मीही कैदीच झालो. आतून माणसं धडका देत, रडत, पण मला हलता येत नसे.

काही वर्षांनी कैदी हलवले आणि इथे निराधार म्हातारे ठेवू लागले. मला वाटलं, आता कडी निघेल. पण रखवालदार म्हणाला, ही माणसं वाट चुकतात, त्यांच्या भल्यासाठीच ती राहू दे. त्यांच्यात सालेम नावाचा आंधळा पाणबुड्या होता. तरुणपणी त्याने समुद्रातून मोती काढले होते. रोज सकाळी माझ्या फटीला नाक लावून तो खारा वारा घेई आणि किनाऱ्यावर नेण्याची विनवणी करी.

"इन्शाल्ला, उद्या," असं उत्तर येई.

त्याच्यासाठी मी उघडलो ते थेट त्याचा जनाजा निघाला तेव्हा.

आता गढीचं संग्रहालय झालं आहे. गेल्या रविवारी शारजातल्या अल नहदाहून मुरलीधर आजोबा आले. बरोबर सून अनुपमा आणि नात इरा होती. इथली देखरेख करणाऱ्या हमीदने त्यांना हिंदीत सालेमची हकीकत सांगितली. आजोबा बराच वेळ माझ्या कडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अनुपमा, आपल्या फ्लॅटलाही तू बाहेरूनच कुलूप लावतेस."

"आजोबा, इट्स फॉर युअर सेफ्टी," इरा म्हणाली.

आजोबा एकदा टॉवरांमध्ये वाट चुकले होते, तेव्हापासून ऑफिसला जाताना अनुपमा कुलूप लावून जात असे. तिने पर्समधून जुडगा काढला, आतूनही कुलूप उघडणारी फ्लॅटची किल्ली सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, खाली जाताना फोन तेवढा बरोबर ठेवा."

आजोबांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, माझी कडी अजून बाहेरच आहे. मी जुनी वस्तू, मला तेल-पाणी पुरतं. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जपाल, तेव्हा कडी त्याच्या हाताशी राहू द्या.