दोनदा नाही म्हणायची रीत

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील निवडायची एक रीत होती. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पाचजण. वयाशी त्याचा संबंध नाही. दर तीन वर्षांनी उपासना संपल्यावर पाळक एकेक नाव सुचवायचे. ज्याचं नाव निघालं त्यानं उठून म्हणायचं, "मी लायक नाही." मंडळी म्हणायची, "तुम्हीच व्हा." त्यानं पुन्हा मान खाली घालून सांगायचं, "खरंच नको, दुसऱ्या कुणाला तरी करा." मंडळी पुन्हा आग्रह करायची. तिसऱ्या वेळी तो गप्प राहायचा आणि टाळ्या पडायच्या. नगरला माझे आजोबा असेच वडील झाले, पप्पाही असेच झाले. पहिल्याच फटक्यात 'बरं' म्हणणारा तिथं मी एकच पाहिला, आणि त्याच्याविषयी लोक पुढं दहा वर्षं बोलत होते.

ही रीत मी रबाळ्याच्या कारखान्यात वापरायला गेलो. माझ्या फजितीची सुरुवात तिथून झाली.

१९९६ साल. आमच्या कंपनीत पाण्याचे पंप बनायचे आणि मी टेस्टिंग खात्यात होतो, चौदा वर्षं. आमचे फोरमन रिटायर होणार होते. जागेला दोन नावं होती, माझं आणि पंढरी भोईरचं. पंढरी तिथल्याच गोठिवली गावचा. वयानं माझ्यापेक्षा लहान, इंग्रजी जेमतेम, पण चालत्या पंपाला नुसता हात लावून आत काय बिघडलंय ते सांगायचा. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की फोरमनच्या काचेच्या खोलीत टेबल कुठल्या बाजूला सरकवायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जेवताना मी नमिताला, माझ्या बायकोला, म्हणालो, "उद्या मी नको म्हणणार. बघ, कर्णिकसाहेब कसे गळ्यात मारतात ते."

"अहो, सरळ हो म्हणा," ती म्हणाली. "त्या माणसाला आपल्या रिती कुठं माहीत?"

बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

वर्क्स मॅनेजर दिलीप कर्णिक म्हणजे एक घाव दोन तुकडे. मला बसायला सांगून त्यांनी समोर कागद ओढला. "साळवे, दोघांत मला तुम्ही बरे वाटता. काय म्हणणं आहे?"

जागा माझ्या ताटात वाढलेली होती. मी फक्त घास घ्यायचा होता. पण मला नुसती जागा नको होती, आग्रह हवा होता. मेजवानीत शेवटच्या पाटावर जाऊन बसावं म्हणजे यजमान हात धरून वर नेऊन बसवतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. शेवटच्या पाटावर मी बसलो खरा, पण डोळा सगळा पहिल्या पाटावर.

"साहेब, मी लायक नाही," मी म्हणालो. "पंढरीला द्या. त्याच्या हातात जे आहे ते माझ्यात नाही."

कर्णिकांनी चष्मा काढला. "नक्की?"

हा झाला पहिला आग्रह, असं मी मनात मोजलं. "नक्की, साहेब. त्यालाच करा."

मग मी मान खाली घालून थांबलो. कर्णिक म्हणाले, "दुसऱ्यासाठी असं बोलणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय." एवढं म्हणून त्यांनी कागदावरच्या माझ्या नावावर रेघ मारली आणि पंढरीला बोलवायला फोन उचलला.

घरी आल्यावर नमितानं माझा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी आमच्या सानपाड्याच्या घरी प्रार्थना होती. रणपिसे पाळक आणि मंडळीतली दहा-बारा माणसं चटईवर बसली होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात पेढ्यांचा पुडा घेऊन पंढरी उभा, आणि सोबत त्याची आई, पुतळाबाई. मी त्यांना आत घेतलं. पुतळाबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"देवमानूस हाय," त्या म्हणाल्या.

पाळकांनी विचारलं, "काय झालं, आजी?"

पंढरीनं सांगितलं. "सायेब ह्यांनाच देत व्हता. ह्यांनी सांगितला, मी नाय, पंढरीला द्या. आमच्या घरात कुनी फोरमन झाला नाय अजून. सख्खा भाव पन असा करनार नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाळकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, नम्रतेवर मी वर्षानुवर्षं बोलतोय, साळवेभाऊंनी ती करून दाखवली. एका वाक्यात मी हे सगळं थांबवू शकत होतो. मी काय केलं? मान खाली घातली. सवयच होती. नमिता पाणी आणते म्हणून आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

वर त्या पेढ्यांचा मला रागही आला, हेही लाज सोडून सांगतो. महिनाभरात तो राग मी पंढरीवर काढला. दर शनिवारी फोरमननं इंग्रजीत रिपोर्ट द्यायचा असे. पंढरी कागद घेऊन माझ्याकडे आला. "साळवेदादा, मना हा लिहायला जमत नाय. जरा बघता?"

"आता फोरमन तू," मी म्हणालो. "सवय करून घे."

माझं दहा मिनिटांचं काम होतं. त्यानं एकट्यानं बसून लिहिलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये कर्णिकांनी तो रिपोर्ट जसाच्या तसा मोठ्यानं वाचला. लोक हसले. मीही हसलो. पंढरीनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि तोही कसंनुसं हसला. दुपारी डबा खाताना त्यानं नेहमीसारखी माझ्यासाठी शेजारी जागा धरली होती. त्याच्या आईनं माझ्यासाठी म्हणून दिलेलं सुक्या बोंबलाचं कालवण त्यानं माझ्या डब्यात वाढलं. मी ते खाल्लं. आजही ते आठवलं की जेवण गोड लागत नाही.

पुढच्या महिन्यात वडिलांची निवड आली. वाशीतल्या एका शाळेचा हॉल आम्ही रविवारी उपासनेसाठी घ्यायचो. पाळकांनी पहिलंच नाव माझं घेतलं. ते घेताना पेढ्यांची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, आणि त्यांच्या तोंडी ती आणखीच मोठी झाली होती.

मी उठलो. "मी लायक नाही," म्हणालो.

"तुम्हीच व्हा," मंडळी म्हणाली.

"खरंच नाही. दुसऱ्या कुणाला तरी करा."

लोक हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. "तुम्हीच व्हा, साळवेभाऊ." आता मी गप्प राहायची पाळी होती. टाळ्यांसाठी पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरची पर्स खालीसुद्धा ठेवली.

जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि माझ्यावर विश्वास ठेवायला एक माणूस तयार नव्हता. चूक त्यांची नव्हती. ते शब्द मीच आयुष्यभर फुकट उधळले होते.

मी तिसऱ्यांदा बोललो. "पंढरीला मी जागा दिली नाही. साहेब आग्रह करतील म्हणून नको म्हणालो, ते करायचे राहिले. मग त्याचा रिपोर्ट लिहून दिला नाही, आणि लोक त्याला हसले तेव्हा मीही हसलो." रणपिसे पाळकांनी हातातला कागद उलटा केला, सरळ केला. मग त्यांनी दुसरं नाव वाचलं. त्या माणसानं उठून चटकन "बरं" म्हटलं. नमितानं बाकावर माझ्यासाठी थोडं सरकून जागा केली.

मला वाटलं, झालं, हलका झालो. पण ज्याचं देणं होतं तो वाशीच्या हॉलमध्ये नव्हताच.

सोमवारी मी काचेच्या खोलीत गेलो. टेबल जुन्या फोरमनच्या वेळी होतं तिथंच होतं. मी उभ्याउभ्या पंढरीला सगळं सांगितलं. शिव्या देईल, बाहेर काढेल, अशी मी तयारी करून गेलो होतो. खरं म्हणजे मला तेच हवं होतं.

तो म्हणाला, "रिपोर्टचा मना कळला व्हता. त्या दिवशी तुमी हसलात तवाच. पन म्हटला, असेल काय टेन्शन."

"माफ कर, पंढरी."

"माझा काय नाय, दादा." त्यानं टेबलावरचा पाना उचलला, पुसला, परत ठेवला. "आई रोज संध्याकाळी देवाजवल दिवा लावते. आधी माझा नाव घेते, मंग तुमचा. पोराबालांचा त्याच्यानंतर. आता तिला मी काय सांगू?"

दोनदा नाही म्हणायची रीत मला येत होती. ह्या प्रश्नाला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो, आणि ह्या खेपेला मान आपोआप गेली होती.