तिसऱ्या फोटोवरची सही

जैनबने फोटो उलटा केला आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ गुळगुळीत होती. दुसरा घेतला, तोही तसाच. कडेवरच्या लेकीने, शहनाजने, कोपरा तोंडात घालायला मान पुढे केली, तशी जैनबने तो टेबलावर ठेवून दिला.

पोस्टकार्डाएवढ्या त्या फोटोंत तिची अम्मा तंबोरा घेऊन बसली होती. खाली जांभळ्या शाईत 'अजीजुन्निसा' अशी सही. शेवटच्या अक्षराला डौलदार शेपूट, आणि शेपटीत एका जागी शाई तुटलेली. दोन्ही फोटोंवर, अगदी त्याच जागी.

तुंगार्लीच्या या बंगल्यातले शेटजी होळीनंतर वारले. गाण्याचे वेडे. मुलांना त्यातले काही नको होते, म्हणून पलंग, हंड्या आणि तबकड्यांची खोकी व्हरांड्यात मांडून लिलाव चालला होता. पुकारायला पुण्याहून हौशीराम आला होता.

जैनबला इथे आणले झुंबरबाईने. बंगल्यात वीस वर्षे केरवारा केलेली ही म्हातारी परवा पाण्यावर भेटली.

"शेटच्या कपाटात तुज्या आईचं तीन फटू हाईत," ती म्हणाली होती. "एकावर सही अशी वाकडी, पोरानं लिवल्यावानी. मागनं बोट लावलं तर टोचतंय."

तेव्हापासून जैनबचे कामात लक्ष नव्हते.

अम्माचा आवाज स्टेशनासमोरच्या हॉटेलातही ऐकू येई. कुणी तबकडी लावली की झाले. अम्मा गेल्यावर तिच्या हातचे अक्षर मात्र कुठेच उरले नव्हते. चाळिशीला आल्यावर ती नाव लिहायला शिकली, तेही जैनबकडून. जैनब तेव्हा दुसरीत. चुलीमागच्या भिंतीवर दोघी कोळशाने लिहायच्या, सकाळी सारवताना ते पुसून जायचे, की संध्याकाळी पुन्हा. कधी ज बसका यायचा, कधी वेलांटी पार बाजूला जायची. दोनदा एकसारखे नाव अम्माला कधी लिहिता आले नाही.

मग फोटोंवर सही हवी म्हणून तबकड्यांच्या कंपनीच्या माणसाने अम्माला शेटजींकडे बोलावले; जैनब सोबत होती. अम्माने टाक असा दाबून धरला की निब फोटोत रुतले. माणूस हसला. गळा चालतो तेवढा पुरे बाई, म्हणाला. त्याने कारकुनाकडून ऐटबाज सही करून घेतली आणि तिचा शिक्का करवून बाकीच्या फोटोंवर उठवला. बिघडलेला फोटो शेटजींनी मागून घेतला. घरी आल्यावर अम्माने चुलीमागची भिंत स्वतः सारवली, आणि नंतर कोळशाला कधी हात लावला नाही. अठरा वर्षे झाली, जैनबच्या कानातून ते हसणे गेले नव्हते.

"खुद्द बाईंच्या हातची सही," हौशीराम पुकारत होता. "हे अक्षर बघा. जसा गळा तसा हात."

जैनबची कानशिले तापली.

"थांबा," ती म्हणाली.

"बाई बोली लावताहेत की कडेवरची पोरगी?" हौशीरामने विचारले. माणसे हसली.

पुढच्या खुर्चीवर मुंबईचे एक गृहस्थ भिंग घेऊन बसले होते. सकाळपासून गाण्याची प्रत्येक वस्तू तेच घेत होते. ते उठून टेबलापाशी आले.

"तुम्ही ओळखत होता यांना?"

"त्यांच्या घरात वाढले मी."

"मग बरंच झालं." त्यांनी तिन्ही फोटो ओळीने मांडले. "या दोन सह्या हुबेहूब आहेत, केसाचा फरक नाही. म्हणजे याच खऱ्या असणार. पण ही तिसरी? मला खात्री हवी. खरी असेल ती मी सोडणार नाही, बोली कितीही चढू दे."

जैनबने तिसरा फोटो उचलला. पाठीवर अंगठा ठेवताच उंचवटे लागले. ज. वेलांटी. शेवटी निबाने पाडलेले भोक.

सगळे तिच्या तोंडाशी आले होते. शिक्का, कारकून, त्या हसणाऱ्या कंपनीवाल्याचे दात. एकदा बोलून टाकले असते तर हौशीरामचे तोंड बंद झाले असते. गृहस्थांचा हात फोटोसाठी पुढे आला. स्वच्छ, कापलेल्या नखांचा हात.

जैनबने फोटो खाली ठेवला.

"त्या दोन खऱ्या," ती म्हणाली.

"आणि ही?"

"पोरानं गिरवलीय."

"वाटलंच मला. एवढी मोठी गाणारी बाई, तिचं अक्षर असं असेल का?"

ते उत्तराची वाट पाहत होते.

"नाही," जैनब म्हणाली.

हौशीरामने तिसरा फोटो फुटक्या चौकटींच्या पाटीत भिरकावला. गृहस्थांनी खिशातून झरणी काढली. खऱ्या फोटोंच्या मागे तेवढे लिहून द्या, म्हणाले; जाणत्या माणसाची साक्ष असलेली बरी. झुंबरबाईने शहनाजला घेतले. जैनब वाकली. 'सही खरी आहे', तिने लिहिले, आणि खाली आपले नाव. एकावर लिहून झाले, दुसऱ्यावर लिहिताना झरणीचे टोक करकरले.

"हळू, बाई," गृहस्थ म्हणाले. "फाटेल तो."

फुटक्या चौकटींची पाटी कुणी विचारली नाही. जळणाला नेते म्हणून झुंबरबाईने ती मागून घेतली. बंगल्याचे फाटक मागे पडल्यावर तिने पाटी उतरवली आणि चौकटींतून फोटो काढून पदराने पुसला.

"ह्योच न्हवं?"

जैनबने मान डोलावली.

"मग तितं का न्हाई बोललीस? आईला नावं ठिवलीस चारचौघांत."

 जैनबची बोटे अजून झरणी धरल्यासारखी वळलेली होती. शहनाज फोटोकडे झेपावली. जैनबने या वेळी तो मागे घेतला नाही, नुसता उलटा केला आणि त्याची पाठ तिच्या इवल्या तळव्याखाली धरली.