डावा पाय, एक नग

कालव्याचे लोखंडी दार बसवले तेव्हा दारवाली मावशी नवी नवरी होती. त्या वेळी चाक एका हाताने फिरायचे. पुढे दार गंजले, नवरा गेला, त्याची नोकरी मावशीकडे आली आणि दाराला एक खोड लागली. चाक फिरवताना खालच्या डाव्या कोपऱ्यात लाथ बसल्याशिवाय ते हलेना. लाथही मावशीचीच लागे. गावचा पहिलवान एकदा हौसेने पुढे झाला आणि महिनाभर लंगडत राहिला.

एकतीस वर्षांत मावशीने एका रात्रीपुरतेही गाव सोडले नव्हते. लेकीच्या पहिल्या बाळंतपणालाही ती गेली नाही. आता लेकीला पुन्हा नववा लागला होता. "आई, याही वेळी दारच का?" एवढेच ती फोनवर म्हणाली.

तेवढ्यात इंजिनिअरिंगच्या तीन पोरी आल्या. खेड्यांतली जुनी बांधकामे दुरुस्त करायला विद्यार्थ्यांना पैसे देणारी कसलीशी योजना होती. पोरी प्रामाणिक. अर्जात विचारले होते, भार कोणता भाग घेतो? त्यांनी लिहिले, मावशींचा डावा पाय. वय एकाहत्तर. बदली भाग उपलब्ध नाही.

"अगं बायांनो, असं लिहितात का?"

"खोटं लिहिलं तर पैसे मिळत नाहीत, मावशी."

पंधरा दिवसांत मंजुरी आली. 'डावा पाय, एक नग, मजबूत करणे. तीन वर्षे भाग जागेवरून हलवू नये. पैसे अन्य भागावर खर्च करू नयेत.' दाराचे नावही नव्हते.

"तीन वर्षं? तोवर नातवंड धावायला लागेल! पाय माझा आहे."

"मंजुरीनंतर तो योजनेचा झाला, मावशी," थोरली पोर रडवेली होऊन म्हणाली.

"मग रात्री गुडघा शेकायलाही योजनेनंच यावं!"

चष्मेवालीने कागद सातव्यांदा वाचला. "पाय कोणाचा, ते यात कुठेच नाही."

तिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि टेप काढली. टाचेपासून गुडघ्यापर्यंत मावशीची मापे घेतली. आठ दिवसांत लोखंडी पाय आला, स्प्रिंगवाला, थेट चाकाला जोडलेला; कोणीही चाक फिरवले की लाथ मारणारा. त्याने पहिलीच लाथ अशी मारली की भिंतीचा टवका उडाला. दार ढिम्म.

"मेला नुसता आडदांड आहे," मावशी म्हणाली. "आधी एक हलकी मारायची, दाराला कळवायला. मग श्वास घ्यायचा. मग खरी."

"लोखंडानं श्वास कसा घ्यायचा?"

"ते तुम्ही शिकलात ना?"

पोरींनी चार दिवस घालवून पायाला श्वास शिकवला. पाचव्या दिवशी टक् झाले, मग शांतता, मग धाड्! दार वर सरकले.

त्याच सकाळी तपासणीचे साहेब उगवले. त्यांनी पाय मोजला, वाकवून पाहिला, पोटरीवर पिवळ्या रंगाने क्रमांक घातला. 'भाग जागेवर. प्रकृती उत्तम.' मग त्यांचे लक्ष पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे गेले.

"आपण कोण? अर्जात आपला उल्लेख?"

पोरींचे चेहरे पडले.

"माझा कशाला असेल?" मावशी म्हणाली. "मी लेकीकडे निघालेय. वाटेतून जरा बाजूला व्हा, गाडी चुकेल."

साहेब बाजूला झाले. मावशी दोन्ही पायांनी स्टँडकडे चालू लागली. मागे थोरल्या पोरीने पुन्हा चाक फिरवले. पाणी सुटल्याचा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाठीमागून ऐकला.