मेघबाबांचा कोप आणि बोर्डावरचा कागद

“मी हात वर केला की आकाशातल्या गरुडालासुद्धा माझी परवानगी काढावी लागते!” अशी गर्जना करून मेघबाबांनी हात वर केला आणि त्यांची शाल कुंपणाच्या काटेरी तारेत अडकली. दोन भक्तांनी ती सोडवेपर्यंत गरुडाला ताटकळावे लागले.

कुंपणापलीकडे आमचा छोटा विमानतळ होता. एक धावपट्टी, एक मनोरा, एक प्रतीक्षालय आणि कायम बंद असलेले चहाचे यंत्र. रोज सकाळी तिथे दोनतीनशे माणसे जमू लागली होती. धुक्यात विमान दिसत नसे. आवाज जवळ येई, डोक्यावर घुमे, मग एकदम वाढून दूर निघून जाई.

“बघितलंत? नमस्कार करून परत गेलं!” बाबा म्हणत.

सकाळची विमाने परतवणारा आपला कोप चाळीस दिवस टिकणार आणि एक्केचाळिसाव्या सकाळी शमणार, हे बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले होते. दुपारी धुके विरले की विमाने मुकाट्याने उतरत. ती वेळ बाबांच्या विश्रांतीची होती.

छत्तिसाव्या सकाळी गेटसमोर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. आत आमच्या शेजारच्या टेलरची बायको होती. मीही सोबत गेलो होतो. तिचे यकृत निकामी झाले होते. सात वाजता मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला होता. यकृत मिळाले आहे, दुपारी एकच्या आत पेशंट पोहोचवा. तिला न्यायला आठ चाळीसला खास विमान येणार होते. रस्त्याने नऊ तास लागतात.

बाबांनी रुग्णवाहिकेच्या काचेवर टकटक केली. “बाळा, विमान उतरायचं नाही. अजून पाच दिवस बाकी आहेत. रस्त्यानं नीघ, मी पाठीशी आहे.”

टेलरच्या सासूबाई बाबांच्या पहिल्या भक्तांपैकी. त्या रडकुंडीला आल्या होत्या. “जावईबापू, ऐका हो त्यांचं! छत्तीस दिवसांत एक तरी उतरलं का सकाळचं? इथं थांबून तेवढा वेळ वाया! उशीर झाला तर डॉक्टरांच्या पाया पडू, पण निघा!”

टेलरने घड्याळ बघितले, बायकोकडे बघितले आणि ड्रायव्हरला म्हणाला, “वळव गाडी.”

“खबरदार वळवलीत तर!” गेटच्या आतून आवाज आला. विमानतळावर ढगांची उंची मोजणाऱ्या हवामानवाल्या ताई धापा टाकत येत होत्या. हातात दोन कागद होते.

“आल्या सरकारी बाई,” गर्दीतून कोणीतरी म्हणाले. “यांना पगारच मिळतो त्याचा.”

“मिळतो ना, म्हणून वाचते,” ताई म्हणाल्या. “टेलरभाऊ, दोन मिनिटं द्या. धुक्यात वैमानिकाला जमिनीवरचं एक यंत्र रेडिओवरून वाट दाखवतं. यंत्र चालू असेल तर त्याला दोनशे फुटांपर्यंत खाली येता येतं. बंद असेल तर सहाशेच्या खाली यायचं नाही. तिथून पट्टी दिसली नाही की पुन्हा वर जायचं. हा नियम आहे, नमस्कार नाही. आत्ता ढग चारशे फुटांवर आहे.”

आयुष्यभर टेप गळ्यात घातलेला माणूस तो. क्षणभर पुटपुटला. “म्हणजे सहाशेवरून दिसणार नाही. दोनशेवरून दिसेल.”

“बरोब्बर. आणि हा पहिला कागद ऐका. ‘उतरण्याचे यंत्र दुरुस्तीसाठी चाळीस दिवस बंद.’ प्रतीक्षालयाच्या बोर्डावर लावलाय. तारखा बाबांच्या कोपाशी जुळवून बघा.”

गेटवरचा रखवालदार एकदम म्हणाला, “अरे! हे बाबा तर बोर्डासमोर चष्मा लावून तासभर उभे होते! मला वाटलं, बिचाऱ्याचं विमान चुकलं.”

गर्दीत खसखस पिकली. बाबांनी ती कानाआड केली. “कागद कागदाच्या जागी. आज विमान उतरणार नाही म्हणजे नाही!”

“नक्की?” ताईंनी विचारले.

“त्रिवार नक्की!”

“मग दुसरा कागद ऐका. हा बोर्डावर लागायचाय अजून. काम लवकर संपलं. काल दुपारी तपासणीचं विमान घिरट्या घालून गेलं, तेव्हा तुम्ही झोपला होतात. आज सकाळी सहापासून यंत्र चालू.”

तेवढ्यात आवाज आला. बाबांनी दोन्ही हात वर केले. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. या वेळी तो एकदम वाढून दूर गेलाच नाही. ढगाच्या पोटातून आधी दोन दिवे, मग चाके बाहेर आली आणि विमान पट्टीवर टेकले.

“मी कोप आवरला!” बाबा ओरडले.

सासूबाईंनी डोळे उघडले. “आवरायचाच होता, तर माझ्या लेकीला नऊ तासांच्या रस्त्याला का लावत होता?”

यावर बाबा तत्काळ समाधीत गेले. पाय मात्र चपला चाचपत होते.

गर्दी बाजूला करून गाडी आत न्यायला पाच मिनिटे लागली. स्ट्रेचर उतरवताना टेलरच्या बायकोने नवऱ्याचा हात धरला. आवाज अगदी खोल गेला होता.

“अहो, तुम्ही खरंच गाडी वळवणार होतात?”

त्याने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. सोबत जायचा पास एकाच नातेवाइकाचा होता. तो तिच्यासोबत विमानात चढला.

ऑपरेशन झाले. ती अजून तिकडेच आहे, पण बोलते. टेलरचा परवा फोन आला होता. म्हणाला, त्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

मंडळी, बाबांकडे सिद्धी नव्हती, चष्मा होता. जो कागद त्यांनी वाचला, तो आपल्यापैकी कोणालाही वाचता आला असता. छत्तीस दिवस तो उघड्यावर होता आणि आपण कुंपणाशी हात जोडून उभे होतो. एखाद्याने चमत्काराची तारीख आधीच सांगितली, तर ती त्याला कुठे वाचायला मिळाली, एवढे तरी विचारा. आपल्या न विचारण्यापायी एका बाईवर मरायची वेळ आली होती.

विमान गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ताईंचे आभार मानायला गेलो होतो. त्यांच्या खोलीबाहेर वीसेक माणसे रांगेत उभी होती. पहिल्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि विचारले, “ताई, आमच्या पोराच्या नोकरीचं काही दिसतं का?”

“मला फक्त ढग किती उंचावर आहे ते कळतं,” ताई पाय मागे घेत म्हणाल्या. “आणि जाताना तेवढं गेट लावून घ्या. पट्टीवर कुत्री शिरतात.”