सातव्या बापापर्यंत

बेकमुरात आजोबांच्या दस्तरखानावर, जेवणाच्या पंगतीत, छोटा तैमास आपले सात बाप, म्हणजे सात पिढ्यांची नावे, म्हणून दाखवी, आणि दर नावाला त्याच्या तळव्यावर सुक्या चक्क्याची एक खारट गोळी पडे. ज्याला सात बाप येत नाहीत तो पोरका, असे म्हातारा म्हणे. म्हणताना निपुत्रिक थोरल्या मुलाकडे, सिरिमकडे, मुद्दाम पाहत नसे. ते न पाहणेच सिरिमला अधिक लागे.

म्हणून दात्याचे बीज घ्यायचे ठरले तेव्हा त्याने परक्याचे नाकारले. तैमासचा बाप, धाकटा कायसर, तयार झाला. पहिले नाव खोटे पडले तरी मागची सहा आपलीच राहतील, एवढीच सिरिमची आशा होती.

"शेवटी धाकटाच कामाला आला म्हणायचा," दवाखान्यात नमुना देऊन बाहेर येत कायसर हसला. "निकाल तूच ऐक, दादा. मला डॉक्टरांचं बोलणं कळत नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंना तसं सांगून आलोय."

निकाल ऐकायला सिरिम एकटाच आत गेला. बीज निवडण्याचे काम झौरेशबाईंचे. नमुना फिरवून गाळ खाली बसवायचा, वर स्वच्छ द्रव ठेवायचा, आणि जे शुक्राणू स्वतःच्या बळावर पोहत वर येतील तेवढेच उचलायचे. सिरिमच्या नमुन्यातून कधीच काही वर आले नव्हते.

"यातूनही नाही आलं," बाई म्हणाल्या. "गाळसुद्धा पाहिला. तुमच्या रक्तातला दोष त्यांच्याही रक्तात आहे. जन्माचा. मूल होणं शक्यच नव्हतं."

"त्याला मुलगा आहे."

बाई हातमोजे काढत राहिल्या. "हे मी ऐकलं नाही."

बाहेर बाकावर रौशन वाट पाहत होती.

"कायसरचं जमत नाही," तो बायकोला म्हणाला. "परक्याचंच घेऊ."

"मी आधीपासून तेच म्हणत होते. मला मूल हवंय, सात म्हातारे नकोत."

ठरल्या दिवशी बाईंनी त्याला पडद्यावर दाखवले: अनोळखी माणसाचे असंख्य ठिपके, नाव नसलेले, कुळ नसलेले, घाईघाईने उजेडाकडे निघालेले. सिरिमला त्यांचा मत्सर वाटला.

त्या रविवारी दस्तरखानावर कायसरने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "काय दादा, निवडून निवडून आमचंच घेतलंस ना? पाहिलंस, माल कसा असतो?"

एकच वाक्य सिरिमच्या जिभेवर आले. चवीला गोड होते. ते उच्चारले असते तर म्हाताऱ्याच्या घरात नातू म्हणून कुणीच उरले नसते.

"तुझंच घेतलं," तो म्हणाला.

तैमास म्हणू लागला. कायसर, बेकमुरात, झोलान... आणि अडखळला. कायसरचे लक्ष मांसात होते. म्हातारा गोळी हातात धरून थांबला.

"सारसेन," सिरिमने हळूच सुचवले.

"सारसेन," पोर म्हणाले, आणि गोळी तोंडात टाकून पुढच्या बापाकडे वळले.