पट्टीची मागची बाजू

क्लबच्या मूळपणा समितीत चार माणसं होती आणि चौघांकडे मिळून एकही पाना नव्हता. भिंगं मात्र तीन होती.

समितीचं काम एवढंच, की जुनी स्पोर्ट्‌स कार समोर आली की तिच्या अंगावरच्या धातूच्या पट्ट्या, बिल्ले, दिव्यांच्या चौकटी कारखान्यातून आल्या तशाच आहेत की नंतर कुणी बदलल्या, हे ठरवायचं आणि नोंदवहीत लिहायचं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या आतोबांच्या गाडीपुढे दोन वाक्यं लिहिली होती. ‘बाजूच्या पट्ट्या मूळ नाहीत. मालकाने ही गोष्ट लपवली.’ पहिलं वाक्य आतोबांनी हसण्यावारी नेलं. दुसरं त्यांच्या जिव्हारी लागलं. आपण गाडी पहिल्या मालकाकडूनच घेतली आणि पट्ट्यांना बोटही लावलं नाही, हे त्यांनी चार-पाच वेळा सांगून पाहिलं, आणि मग क्लबला जाणंच सोडलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वाक्य राहिलं.

गाडी आता आत्या चालवते. फेरतपासणीचा अर्ज तिनेच केला.

“मला त्यांचा बिल्लाफिल्ला नको,” ती मला म्हणाली. “ते दुसरं वाक्य तेवढं खोडून घ्यायचंय. तू धातूचं शिकलीस ना? मग चल. काही आलं नाही तर नुसती उभी राहा, पण हातात एखादं अवजार धर. त्या लोकांना अवजारांची भीती वाटते.”

रविवारी सकाळी आम्ही क्लबच्या शेडमध्ये पोचलो. अध्यक्षांची गाडी दाराशीच होती. आमच्याच मॉडेलच्या आणखी चार गाड्या तिच्यामागे रांगेत उभ्या होत्या. पाचही अशा लखलखत होत्या की त्या कधी रस्त्यावर उतरल्या असतील असं वाटेना. आमच्या गाडीच्या बोनेटवर किडे चिकटलेले होते. एका सभासदाने ते पाहून नाक मुरडलं.

तपासणी करणारे गृहस्थ क्लबमध्ये ‘भिंगवाले’ म्हणून ओळखले जातात. ते घरून आणलेल्या उशीवर गुडघे टेकून बसले आणि पुढच्या चाकापासून दारापर्यंत जाणारी पट्टी त्यांनी शिंप्याच्या टेपने मोजली. मग दुसऱ्या बाजूला उशी नेली, तिथेही मोजली. उठताना त्यांचा चेहरा वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरसारखा झाला होता.

“वहिनी, डावी एकसष्ट पूर्णांक एक सेंटिमीटर. उजवी एकसष्ट पूर्णांक आठ. सात मिलिमीटरचा फरक आहे. कारखान्याकडून असली चूक होत नसते.”

“तुम्ही होतात का हो भावजी कारखान्यात?” आत्याने विचारलं.

भिंगवाले टेप गुंडाळू लागले.

“बरोबर माप किती?” मी विचारलं.

“दोन्हीकडे एकसष्ट पूर्णांक चार. मार्गदर्शिकेत दिलंय.”

“मार्गदर्शिकेत ते कुठून आलं?”

“मार्गदर्शिका अध्यक्षांनीच लिहिलीय. त्यांच्या गाडीवरून घेतलं.”

“आणि त्यांची गाडी मूळ आहे हे कुणी तपासलं?”

“समितीने.”

“कशावरून?”

“मार्गदर्शिकेवरून,” भिंगवाले म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत पोचल्याचं कुठलंही चिन्ह चेहऱ्यावर दिसलं नाही. बाकीचे तिघंही माना डोलवत होते. प्रयोगशाळेत असं उत्तर दिलं असतं तर सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे त्यावर अकरा वर्षं माणसाला खोटं ठरवलं गेलं होतं.

“पट्टी उतरवून बघू या,” मी म्हटलं.

“इथे उतरवायची पद्धत नाही,” अध्यक्ष पहिल्यांदाच बोलले. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि ते तो जपून वापरत. “रंगाला ओरखडा गेला तर जबाबदार कोण?”

“रंग माझा आहे,” आत्या म्हणाली आणि पुढच्या खणातून पाना काढून माझ्या हातात दिला.

चाक पूर्ण वळवलं की आतून हात जातो. पाच बारीक नट होते, त्यातला एक जाम होता. तोवर समितीची मंडळी आपापसात हवापाण्याचं बोलत होती. पट्टी निघाली तेव्हा खालचा रंग उघडा पडला. तो बाहेरच्यापेक्षा गडद होता आणि कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. भोकं पाचच. बुजवलेलं एकही नाही. दुसरी पट्टी या जागी कधी बसलीच नव्हती.

मी पट्टी उलटी केली. मागे क्रोम पोचला नव्हता तिथे पितळ पिवळं दिसत होतं, आणि त्यावर टोकदार सळीने ओरबाडलेला आकडा होता: ४७. बोनेटच्या बिजागरीजवळ बॉडीचा क्रमांक ठोकलेला असतो. त्याचेही शेवटचे दोन आकडे ४७. उजवी पट्टी उतरवली, तिच्यावरही ४७.

“आता हे टोक बघा,” मी भिंगवाल्यांना म्हटलं. “तुमच्याच भिंगातून बघा.”

त्यांनी पाहिलं.

“कानशीचे ओरखडे आहेत,” ते म्हणाले.

“ओरखड्यांच्या वर काय आहे?”

त्यांनी भिंग पुसून पुन्हा लावलं. “क्रोम.”

“म्हणजे आधी घासली, मग क्रोम चढवला. या गाडीची बॉडी हातोडीने ठोकून केलेली आहे. डावी बाजू उजवीसारखी येणार कशी? कारागिराने पट्टी ज्या त्या बाजूवर धरली, जास्तीची टोकं घासली, दुसऱ्या गाडीच्या पट्ट्यांत मिसळू नये म्हणून आकडा टाकला आणि क्रोमला पाठवली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या असत्या तरच शंका घ्यायला हवी होती.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले नव्हते. पण ते तोंडातून निघताच सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांच्या गाडीकडे वळल्या, आणि मलाही पुढचं करून बघावंसं वाटलं.

माझ्या खिशात लोहचुंबक होता. बॉडी अॅल्युमिनियमची, त्यामुळे चुंबकाला चिकटायला दुसरं काही नाही. आमच्या पितळी पट्टीवरून तो निसटून पडला. अध्यक्षांच्या पट्टीजवळ नेला तर बोटभर अंतरावरूनच उडी मारून बसला. टक्‌.

“कारखान्याने अध्यक्षांच्या गाडीला खास पोलादी पट्टी दिली असेल,” खजिनदार म्हणाले.

मी पुढच्या गाडीकडे गेले. टक्‌. त्याच्या पुढच्या. टक्‌. पाचही गाड्यांना, दोन्ही बाजूंना.

“मी तर अध्यक्षांच्या पट्टीवरूनच करून घेतल्या होत्या,” रांगेतल्या शेवटच्या गाडीचा मालक म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती. “माझ्या मूळच्या काढल्या. त्या लांब-आखूड होत्या.”

“कुठे आहेत त्या?” मी विचारलं.

“भंगारात दिल्या.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. गाडी त्यांनी घेतली तेव्हा तिच्याही पट्ट्यांत फरक होता, असं हळूहळू बाहेर आलं. आधीच्या मालकाने काहीतरी गावठी काम केलं असणार असं त्यांनी ठरवलं, मूळच्या पट्ट्या फेकून दिल्या, दोन्हींची सरासरी काढून बिनचूक जोडी करून घेतली आणि मग ती मोजून मार्गदर्शिका लिहिली. एवढं करून त्यांना स्वतःच्या काटेकोरपणाचा अभिमान होता. तो अजूनही होता, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “समिती तुमच्या गाडीची नोंद ‘अपवादात्मक मूळ’ अशी करायला तयार आहे.”

मी तोंड उघडलं. पाच गाड्यांची नोंद आधी खोडा आणि मग अपवाद कोण ते ठरवा, असं मला म्हणायचं होतं. आत्याने माझा दंड धरला.

“तुमच्या गाड्यांशी मला काही कर्तव्य नाही,” ती अध्यक्षांना म्हणाली. “त्यांचं काय लिहायचं ते तुम्ही आणि तुमची मार्गदर्शिका बघा. माझं ते दुसरं वाक्य खोडा. आणि खाली लिहा की मालकाने काहीही लपवलं नव्हतं, समितीला पाहता आलं नाही.”

“‘पाहता आलं नाही’ जरा…”

“भाचीला चुंबक पुन्हा काढायला सांगू?”

नोंदवही आली. अध्यक्षांनी खोडलं आणि लिहिलं. आत्याने ते मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी एका दमात वाचून टाकलं.

“हळू वाचा. मला जरा कमी ऐकू येतं,” आत्या म्हणाली. तिला शेजारच्या घरातला कुकर कितव्या शिट्टीवर आहे तेही कळतं.

त्यांनी पुन्हा वाचलं. शेडमध्ये वीसेक माणसं होती. आतोबांचं नाव आलं तेव्हा आत्याने पदर सारखा केला, आणि वाचून संपेपर्यंत ती कुणाकडेच पाहत नव्हती.

परतताना मी चिडलेली होते. “सगळ्यांच्या नोंदी खोडून घ्यायला हव्या होत्यास. हातात आले होते.”

“कशाला? त्यांचं खोटं त्यांना लखलाभ. मी माझ्या माणसाचं घेऊन निघाले.”

आठवडाभरात आत्याला तीन फोन आले. तिन्ही सभासदांना आमच्या पट्ट्यांचा साचा हवा होता. चौथा फोन भिंगवाल्यांचा, अध्यक्षांच्या वतीने. त्या वेळी मी तिच्याकडेच होते. मी हातानेच नको नको म्हणत होते. आमच्या पट्ट्या आमच्या गाडीवर घासलेल्या. त्या दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसणार नव्हत्या.

आत्याने माझ्याकडे पाठ केली.

“या की भावजी, अवश्य या,” ती फोनवर म्हणाली. “पण मागचा सत्तेचाळीसचा आकडासुद्धा उतरवून घ्या हं. नाहीतर मूळ वाटायची नाही.”

पलीकडे भिंगवाल्यांनी तिला एक मिनिट थांबायला सांगितलं. ते लिहून घेत होते.